खाद्यपदार्थांसाठी भाड्याने घेतलेला ‘तयार’ गाळा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका औद्योगिक वसाहतीत छोट्या खाद्यव्यावसायिकांसाठी भाड्याने मिळणारा एक गाळा आम्ही गेल्या वर्षी मार्चमध्ये घेतला. त्यापूर्वी सहा वर्षे आमची कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग राहत्या घराच्या मागच्या पडवीतच तयार होत असे. दिवाळीच्या मागण्या पडवीत मावेनाशा झाल्या आणि मिरची भाजतानाचा ठसका शेजाऱ्यांना सहन होईना, तेव्हा बाहेर जागा घेणे भाग पडले. ‘खाद्यपदार्थांच्या उत्पादनासाठी तयार गाळा’ असे त्याचे वर्णन मालकांनी केले होते. चौदा महिने आम्ही पाच जणींनी तेथे रोज काम केले आहे, त्यामुळे ‘तयार’ या शब्दाची पारख आता मला करता येते. गाळ्याचे आणि मालकांचे नाव मी येथे देत नाही. अगदी अशाच बांधणीचे गाळे शहराच्या चारही बाजूंना आहेत आणि माझी तक्रार त्या बांधणीबद्दल आहे.

गाळा २० फूट रुंद आणि ३० फूट खोल आहे. भाडे महिना १५,००० रुपये आणि अनामत तीन महिन्यांची. नळाला पाणी चांगले येते, भिंतींना सहा फुटांपर्यंत पांढऱ्या फरशा आहेत, जमीन धुता येते, थ्री-फेज वीजजोडणी आहे आणि टेम्पो थेट शटरपर्यंत येतो. अन्न परवान्याच्या तपासणीत या गोष्टींचा आम्हाला उपयोग झाला, हे मी मनापासून नोंदवते. गाळा पाहायला गेलो तेव्हा फेब्रुवारीतली सकाळची दहाची वेळ होती. आत गारवा होता, फरशा चकचकीत होत्या, आणि आम्ही त्याच दिवशी विसार दिला.

पहिला एप्रिल आला तेव्हा जागेचे खरे रूप कळले. छप्पर साध्या पत्र्याचे आहे आणि त्याखाली कसलाही थर नाही. पत्रा उन्हाने तापतो आणि तापलेला पत्रा खालच्या माणसांकडे, ओट्याकडे, मिरचीच्या पोत्यांकडे दिवसभर उष्णता टाकत राहतो. मधली हवा कितीही हलवली तरी वरून येणारी ही झळ अडत नाही. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरचे हे गाव आहे, एप्रिलमध्ये पारा सहसा ३७-३८ अंशांच्या आसपास असतो आणि संध्याकाळी पश्चिमेकडून, घाटाच्या बाजूने वारा सुटतो. त्या वाऱ्याकडे आमच्या गाळ्याची पाठ आहे. पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत बंद, शटर पूर्वेला. आर्द्रताही दाखवणारे दोन साधे तापमापक आणून मी एक भट्टीजवळ डोक्याच्या उंचीवर आणि दुसरा बाहेर आंब्याच्या सावलीत टांगला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी अडीच वाजता बाहेर ३७ अंश होते आणि आत ४४. रात्री आठ वाजता बाहेर रंकाळ्यावर लोक गार हवेत फिरत होते, तेव्हा शटर उघडल्यावर आतला आकडा ३६ होता. आमच्या अंगावर येणारा उन्हाळा हवामान खात्याच्या उन्हाळ्यापेक्षा सात अंशांनी वेगळा होता, आणि ते सात अंश छपराने, भिंतींनी आणि आमच्याच भट्ट्यांनी मिळून केलेले होते.

गाळ्यात एक्झॉस्ट पंखा आहे आणि तो चालतोही. तो शटरच्या शेजारी, त्याच पूर्वेच्या भिंतीत बसवलेला आहे. शटरमधून आत येणारी ताजी हवा चार पावले चालते आणि पंख्यातून तशीच बाहेर जाते. भट्ट्या आहेत तीस फूट आत, मागच्या कोपऱ्यात, कारण पाण्याची मोरी आणि गॅसची पाइप तेथेच दिलेली आहे. एके दिवशी उदबत्ती पेटवून मी गाळाभर फिरले. शटरपाशी धूर सरळ पंख्याकडे ओढला जात होता. मधल्या टेबलापाशी तो रेंगाळला. भट्टीच्या कोपऱ्यात तो सरळ वर गेला, पत्र्याला टेकला आणि तेथेच पसरून राहिला. गरम हवा वर चढते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, पण चढलेल्या हवेला बाहेर पडायला छपरात एक झरोकासुद्धा नाही. पत्र्याखाली साठलेली ती हवा दुपारपर्यंत आमच्या डोक्यापर्यंत खाली उतरते.

भिंतीवर दोन मोठे पंखेही आहेत. जागा दाखवताना मालकांनी ते चालू करून दाखवले होते. मात्र हे काम ज्यांनी कधी केले आहे त्यांना अडचण लगेच समजेल. भट्टीवर काम करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितले, “वैनी, पंखा लावला की जाळ हलतोय बघा.” जाळ हलला की कढईच्या एका बाजूचा कांदा करपतो आणि दुसऱ्या बाजूचा कच्चा राहतो, शिवाय विझलेल्या बर्नरमधून गॅस सुटण्याचा धोका वेगळाच. पॅकिंगच्या टेबलाजवळ पंखा लावला तर चटणी उडते, वजनकाट्याचा आकडा स्थिर राहत नाही आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तिखट जाते. म्हणजे जेथे वारा सर्वांत जास्त हवा, त्या दोन्ही ठिकाणी पंखा बंद ठेवूनच काम करावे लागते. कागदावर गाळ्याला तीन पंखे आहेत. कामाच्या वेळी त्यातला एकच फिरतो, आणि तो शटरजवळची हवा बाहेर फेकतो.

उष्णतेचा हिशेब मांडला की प्रश्न किती मोठा आहे ते दिसते. हंगामात आमचा दिवसाला साधारण चार किलो गॅस जळतो. एक किलो एलपीजी जळताना सुमारे साडेबारा युनिट विजेइतकी उष्णता देते, म्हणजे चार किलोंची पन्नास युनिटे झाली. एक किलोवॅटचा हीटर सलग पन्नास तास लावून ठेवावा एवढी. त्यातला बराच भाग कढईत न जाता तिच्या कडेने वर निघून जातो. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, एका किलोमागे दीड लिटरहून अधिक. पण याहीपेक्षा मोठा वाटा कांद्याचा आहे. कांद्यात वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. २० किलो चिरलेला कांदा कुरकुरीत होईपर्यंत तळायचा, तर त्यातले सोळा-सतरा लिटर पाणी वाफ होऊन त्याच बंद कोपऱ्यात सुटते. घाम वाळला तरच अंग थंड होते. हवेतच एवढी वाफ असली की घाम नुसता ओघळतो, अंगावरचे ब्लाऊज पिळून निघते, आणि आतला ताप तसाच राहतो. आमच्या आईच्या पिढीत चटणीचा कांदा आधी चिरून गच्चीवर कडक उन्हात वाळवीत आणि मगच तळीत. ती रीत टिकण्यासाठी आणि चवीसाठी असावी असे मी समजत असे. तीत चुलीपुढे बसणाऱ्या बाईचीही सोय होती, हे मला या गाळ्याने शिकवले.

त्यातून आपल्याकडचा चटणीचा हंगाम उन्हाळ्यातच येतो. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशी नवी मिरची फेब्रुवारीपासून बाजारात येते, लक्ष्मीपुरीत तिचे ढीग लागतात, आणि वर्षाची चटणी मार्च ते मे या काळात, वळवाच्या सरी सुरू होण्याआधी, कांडून ठेवण्याची घरोघरची पद्धत आहे. मिरची वाळलेली, कडकडीत हवी, म्हणून ऊन हवे. वर्षातले सर्वांत जास्त काम आणि सर्वांत जास्त ताप असे एकाच वेळी आमच्या वाट्याला येतात, आणि ही वेळ पुढे ढकलता येत नाही. म्हणूनच या धंद्यासाठी जागा बांधणाऱ्याने एप्रिलमधली दुपार डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे.

ओट्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण जागा पाहताना तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. गाळ्यातला ग्रॅनाइटचा ओटा ३६ इंच उंच आहे. घरच्या दोन शेगड्यांसाठी तो ठीक आहे. आमची शेगडी आठ इंचांची आणि तीवरची कढई दहा इंच खोल. म्हणजे कढईचा काठ जमिनीपासून ५४ इंचांवर येतो. आमच्या मावशींची उंची पाच फुटांच्या आत आहे, त्यामुळे त्यांच्या खांद्याच्याही वर तो काठ येतो. दहा किलो कांदा झाऱ्याने खालीवर करायचा तर कोपर खांद्याच्या वर उचलून, तोंड वाफेत धरून, पायाच्या चवड्यांवर उभे राहावे लागते. जोर लावून करायच्या कामाची जागा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावी, असा साधा नियम आहे. आमच्याकडे ती कोपराच्या दीड फूट वर होती. दोन महिन्यांत मावशींचा उजवा खांदा धरला. मला वाटले वयामुळे असेल. नंतर ओट्यावरून शेगडी काढून जमिनीवर ठेंगणी भट्टी घेतली आणि पावसाळ्यापर्यंत खांदा मोकळा झाला.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी पाऊणच्या सुमारास आमच्यातल्या एक आक्का मिरची भाजता भाजता थांबल्या. झारा हातातच होता, पण हात थरथरत होता. त्या काही न बोलता मागे सरकल्या आणि मिरचीच्या पोत्यावर बसल्या. चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम डवरला होता. आम्ही भट्टी बंद केली, त्यांना धरून बाहेर आंब्याखाली नेले, पदर सैल केला, मानेवर आणि हातांवर ओले फडके ठेवले आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी घोटाघोटाने दिले. अर्ध्या तासाने त्या सावरल्या. सकाळी सातपासून त्या पाणीच प्यायल्या नव्हत्या. पाण्याची कळशी चार हातांवर होती. विचारल्यावर त्यांनी खालच्या आवाजात सांगितले, “मग जावं लागतंय न्हवं तिकडं.” तिकडे म्हणजे वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सामायिक स्वच्छतागृहाकडे. त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि वाटेत लेथवर काम करणाऱ्यांची गर्दी असते. चारही जणी पाणी मोजून पीत होत्या आणि दोन महिने मला त्याचा पत्ता नव्हता. गाळ्याच्या आराखड्यात स्वच्छतागृह कोठे आहे, यावर आत काम करणारी बाई दिवसाकाठी किती पाणी पिते हे ठरते. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला दोषी मानते, कारण विसार देण्याआधी मी मोरी तपासली होती, पण हे विचारले नव्हते.

मालाचेही नुकसान झाले. ४० अंशांच्या खोलीत चटणी निवतच नाही. हाताला गार लागली म्हणून पाऊचमध्ये भरून सील केली, की रात्री पाऊचच्या आतून दव धरते आणि आठ दिवसांत गुठळ्या होतात. पहिल्याच महिन्यात शहरातल्या एका दुकानदाराने ४० पाकिटे परत पाठवली. भडंगाचे आणखी अवघड, कारण चुरमुरे वाफ ओढून घेतात. कांदा तळण्याच्या दिवशी त्याच खोलीत भरलेले भडंग मऊ पडते, मग मसाला कितीही जमलेला असो. तेव्हापासून कांद्याच्या दिवशी आम्ही काहीही भरत नाही, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस टेबल रिकामे राहते. भाडे मात्र तीसही दिवसांचे जाते.

या सगळ्यात मला आपल्या जिल्ह्यातले गुऱ्हाळ वारंवार आठवते. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापूरचा गूळ ज्या जागेत शिजतो, तिचा नकाशा कुण्या वास्तुविशारदाने काढलेला नसतो. तरीही काहील, म्हणजे उसाचा रस उकळण्याची मोठी कढई, जमिनीलगत असते, त्यामुळे गुळव्या वरून खाली पाहत ढवळतो. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीत, चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) घालण्याचे तोंड खालच्या अंगाला, काहिलीपासून दूर असते. धूर धुराड्यातून वर जातो. छप्पर उंच आणि बाजू मोकळ्या असतात. मुख्य हंगामही दिवाळीच्या आसपास सुरू होऊन थंडीतून पुढे जातो. ते काम सोपे नाही, आणि काहिलीजवळ उभे राहिलेल्याला ते कळते. पण आगीजवळ माणूस उभा राहणार आहे, हे ती जागा बांधणाऱ्याने गृहीत धरलेले असते. आमचा गाळा बांधताना आत पोती राहणार आहेत एवढेच गृहीत धरले होते. मालकांनीही ते सरळ मान्य केले. “ताई, हे गोडाऊन म्हणूनच बांधलं होतं, फरशा नंतर लावल्या,” असे ते म्हणाले. माणूस सज्जन आहे. भाड्यासाठी त्यांनी कधी तगादा लावला नाही.

आम्ही आमच्या खर्चाने काय केले आणि त्याचा किती उपयोग झाला, हे अशा जागेत असणाऱ्यांच्या कामी येईल. पत्र्यावर वरून दोन हात चुना मारला. एका सुट्टीच्या दिवशी दोन गडी लावून ते झाले आणि भट्टी बंद असतानाचे दुपारचे तापमान तीन-चार अंशांनी उतरले. पहिल्या जोरदार पावसात निम्मा चुना धुऊन गेला, त्यामुळे तो दर फेब्रुवारीत मारावा लागणार. मालकांना विनवून पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर वर, दोन जाळ्या बसवल्या आणि एक्झॉस्ट पंखा शटरजवळून काढून भट्टीच्या वर, पत्र्याच्या जवळ नेला. त्यामुळे हवा आता खालून येते आणि वरून जाते, भट्टीवर वाऱ्याचा झोत येत नाही म्हणून जाळही हलत नाही, आणि उदबत्तीचा धूर कोपऱ्यातून बाहेर पडतो. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त गुण याच बदलाचा आला. भट्टीचे काम आम्ही पहाटे साडेपाच ते अकरा या वेळेत उरकतो. कांदा एका ओळखीच्या घरच्या गच्चीवर वाळवून आणतो. दर पाऊण तासाला भट्टीवरची बाई बदलते, आणि पहारेकऱ्याकडून किल्लीची दुसरी प्रत करून घेतली आहे. यंदा एप्रिलमध्ये भट्टीजवळचा दुपारचा आकडा ३९ च्या वर गेला नाही. तोही कमी नाही, पण या हंगामात कुणी पोत्यावर बसले नाही.

राहिलेले दोष राहिलेलेच आहेत. पत्र्याखाली थर नाही, छपरात झरोका नाही, भट्टी आणि पॅकिंग यांच्या मध्ये भिंत नाही. मालक म्हणतात की भिंत घालायची तर भाडे वाढेल. मोरीचा उतार उलटा आहे आणि कांडपाचे यंत्र सुरू करताना कधीकधी फ्यूज उडतो, पण त्या किरकोळ गोष्टी आहेत.

कायद्याने यात काही होते का, असे काहींनी विचारले. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामाच्या जागेतील हवा आणि तापमान यांसाठी स्वतंत्र कलम होते, पण विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे असल्याशिवाय तो कायदा साधारणपणे लागू होत नसे. आम्ही पाच जणी त्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिलो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे नियम जागा हवेशीर असावी असे सांगतात, पण त्यांचा रोख पदार्थाच्या शुद्धतेवर आहे. आणि अनुदानाचे म्हणाल, तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित साहाय्य मिळते. माझ्या ओळखीच्या ज्या भगिनींनी प्रस्ताव केले, त्या सर्वांच्या यादीत कांडप यंत्र, पॅकिंग यंत्र आणि वजनकाटा होता. हवा आणि छप्पर कुणाच्याच यादीत नव्हते; माझ्याही नव्हते. प्रस्ताव करण्याआधी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात याविषयी स्पष्ट विचारून घ्यावे, असे मी आता प्रत्येकीला सांगते.

ज्यांना फक्त भरणे, सील करणे आणि साठवणे एवढेच करायचे आहे, त्यांनी हा गाळा किंवा याच्यासारखा दुसरा घ्यायला हरकत नाही. वाजवी भाड्यात स्वच्छ जागा मिळते. भट्टी लावणाऱ्यांसाठी, आहे त्या स्थितीत, मी याला पाचपैकी दोन गुण देते, आणि आम्ही केलेल्या बदलांनंतर तीन. जागा पाहायला एप्रिलमध्ये, दुपारी अडीच वाजता जावे. शटर अर्धा तास बंद ठेवायला सांगून मग आत जावे, उदबत्ती पेटवून धूर कोठे जातो ते पाहावे, आपली सर्वांत खोल कढई बरोबर नेऊन ओट्यावर ठेवावी आणि जी बाई ती ढवळणार आहे तिलाच तेथे उभे करावे. स्वच्छतागृहापर्यंत स्वतः चालत जाऊन यावे. आमचा करार ३१ मे रोजी संपतो. छपरात दोन झरोके आणि मधली भिंत यांचा खर्च मालक आणि आम्ही निम्मानिम्मा उचलावा, असे पत्र मी त्यांना दिले आहे. त्यांनी होकार दिला तर आणखी तीन वर्षे आम्ही येथेच राहू, नाहीतर पावसाळ्याआधी पडवीत परत जाऊ आणि मागणी घेताना हात आखडता घेऊ.